थांबलोय गं

“केतकी, आहेस ना लाइनवर?” नीलांबरी मॅडमनी विचारलं.

“आहे.”

“मग बोलत का नाहीस?”

“मी बोलतेय मॅडम. संगणक बोलत नाहीये.”

परत अडकला होता. आम्ही प्रोग्रॅमर लोक ज्यात लिहितो तो एडिटर, आणि त्या एडिटरच्या पोटातच डीबगर असतो. चालता प्रोग्रॅम हव्या त्या ओळीवर थांबवायचा, आत काय घोळ आहे ते बघायचं आणि मग एकेक पाऊल पुढे न्यायचा, एवढंच त्याचं काम. माझा डीबगर त्या दिवसांत एका पावलाला इतका वेळ घ्यायचा की तोवर आमच्या आईंची कणीक मळून व्हायची. डोळस माणसाला अशा वेळी पडद्यावर निदान एक चक्र फिरताना दिसतं. मला जन्मापासून दिसत नाही. पडद्यावरचं सगळं मला स्क्रीन रीडर कानात वाचून दाखवतो, आणि डीबगर अडकला की तोही मुका होतो. मग मी आपली बटणं दाबत बसायची, तुटलेल्या फोनवर हॅलो हॅलो करावं तशी.

“हे बघ केतकी,” मॅडम म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज मऊ झाला. मऊ आवाजाची मला लहानपणापासून धास्ती आहे. मऊ बोलणारा माणूस तुमच्या हातातलं काहीतरी काढून घ्यायला आलेला असतो. “तुला इतका ताण नको. लॅब-रिपोर्टचा हा बग आपण फिरोजकडे देऊ. तू मॅन्युअल लिहायला ये. तुझी भाषा किती छान आहे.”

“आणि प्रोग्रॅमिंग?”

“अगं, तो स्क्रीन रीडर आणि वर एवढा जड कोड. झेपत नसेल मशीनला.”

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. इतकी वर्षं त्याच स्क्रीन रीडरवर मी ह्यांना बग शोधून दिले तेव्हा झेपत होतं. पुण्यात बसून मिरजेतल्या माझ्या टेबलावर काय झेपतं नि काय नाही हे सांगायचं, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं झालं. पण ह्यातलं काही बोलले नाही. एकदा मॅन्युअल लिहायला बसवलं की मला कुणी परत कोडला हात लावू देणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. आंधळ्या माणसाला लोक प्रेमानं जिथे बसवतात तिथून उठू देत नाहीत.

“शुक्रवारपर्यंत वेळ द्या,” मी म्हणाले. “नाही सापडला तर मी स्वतः येईन मॅन्युअल मागायला.”

“बरं. उद्या फिरोज तुझ्याबरोबर बसेल. मशीन तरी बघून घ्या एकदा.”

फोन ठेवला तसा शेजारच्या खुर्चीतून आवाज आला, “कोण गं? रागावल्या का?”

“नाही आई. चौकशी करत होत्या.”

आई म्हणजे माझ्या सासूबाई, पद्मावती मगदूम. टेलिफोन एक्स्चेंजमधून ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेल्या. चारू, म्हणजे माझा नवरा चारुदत्त, एप्रिलात गेला. तेव्हा डिसेंबर चालू होता. आम्ही दोघं एकाच कंपनीत होतो, घरूनच काम करायचो. तो गेल्यावर माझ्या माहेरच्यांनी चल म्हटलं होतं, पण मी मिरजेतच राहिले. गेला महिनाभर आई रोज माझ्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसत होत्या. पावटे सोल, मेथी निवड, काहीतरी हातात घेऊन, पार संध्याकाळपर्यंत. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, पद्माक्का आंधळ्या सुनेची राखण करतात. म्हणोत बापड्या.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी दुपारी फिरोज ऑनलाइन आला. फिरोज तांबोळी आधी चारूचा मित्र आणि मग माझा. त्याचा आवाज कधी मऊ होत नसे.

“काय गं, आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असं चाललंय म्हणे तुझ्याकडे?”

“कुत्रं सापडलं की सांग. दळायला मी आहेच.”

ही म्हण माझ्यासमोर चुकून तोंडातून गेली तर लोक जीभ चावतात, माफ्या मागतात. फिरोज मुद्दाम म्हणायचा. आई खुर्चीत हसल्या, पावट्याच्या शेंगा फुटत राहिल्या.

त्याने पुण्याहून माझ्या मशीनचा ताबा घेतला. “आधी तुझा तो वाचणारा बंद करतो. मॅडमचा त्याच्यावर डोळा आहे ना.”

स्क्रीन रीडर बंद झाला. मी हात मांडीवर घेऊन बसले.

“एक पाऊल टाकतोय,” फिरोज म्हणाला. मग काही वेळाने, “टाकतोय.” मग अजून काही वेळाने, “अजून टाकतोच आहे. ह्यात मी पायी मिरजेला आलो असतो.”

“म्हणजे तो नाही.”

“तो नाही. सुटला बिचारा.”

“हे मॅडमना लिहून कळव.”

“कळवतो. आता तुझी एक्सटेन्शनं बघू. काय काय शेपटं जोडून ठेवलीयेस एडिटरला?” तो नावं वाचत एकेक बंद करत चालला, प्रत्येकाला दोन शिव्या देत. आणि मधेच थबकला. “हे ‘थांबा’ काय आहे? लिहिणारा चारुदत्त मगदूम.”

“ते राहू दे.”

“करतं काय ते?”

उत्तर द्यायची वेळ आली नाही. प्रोग्रॅम मागे चालूच होता. तो कुठेतरी थांबला आणि स्पीकरमधून चारू म्हणाला, “थांबलोय गं.”

शेंगा सोलायचा आवाज बंद झाला.

“सांगायचंस तरी आधी,” फिरोज म्हणाला.

काय सांगायचं? प्रोग्रॅम थांबला की एडिटर आंधळ्यांसाठी ‘टुंग’ असा आवाज काढतो. मला तो टुंग डोक्यात जायचा. मी इतकी कटकट केली की चारूने एका रविवारी बसून हे एक्सटेन्शन लिहिलं आणि टुंगच्या जागी आपला आवाज भरला. तेच तेच ऐकून कंटाळू नये म्हणून वाक्यंही पुष्कळ भरली. “थांबलोय गं.” “अगं, घोळ झाला.” “तुझा चहा झाला का? मी आहे इथेच.” कधी कुठलं येईल ते त्यालाही माहीत नसायचं. मी खो खो हसले होते. तो गेला, आणि हे तसंच चालू राहिलं.

“केतकी, हेच असणार,” फिरोज म्हणाला. “जुना कोड आहे. कुठेतरी अडकत असेल.”

“ते नाही.”

“तुला काय माहीत?”

“नाही म्हटलं ना.”

“अगं, तपासायला तरी बंद करू दे. परत चालू करता येतं.”

“काय बंद करतोय तो?” आईंनी विचारलं.

“काही नाही आई. तपासतोय.”

त्याने ते बंद केलं. पाऊल टाकलं. मला काय हवं होतं ते आज स्पष्ट सांगते. डीबगर तसाच अडकावा असं मला हवं होतं. तो अडकला.

“तुझा नवराही निर्दोष,” फिरोज म्हणाला, आणि माझा जीव भांड्यात पडला.

“मग सोड आज,” मी म्हणाले. “उद्या एडिटरच नव्याने टाकू.”

“थांब की. एकच कोपरा राहिलाय. ब्रेकपॉइंट किती आहेत तुझे?”

ब्रेकपॉइंट म्हणजे थांबा. ज्या ओळीवर प्रोग्रॅम थांबवायचा तिथे आपण लावतो तो.

“असतील दोन-चार. तिथे काही नाही. बघू नकोस.”

चोराच्या मनात चांदणं. बघू नकोस म्हटल्यावर कोण बघायचं थांबतं? फिरोजने यादी उघडली.

“केतकी,” तो म्हणाला, “ही यादी खाली जातेच आहे. संपत नाहीये. फाइलीत सापडेल त्या ओळीवर थांबा. आणि प्रत्येकाला अट. थांब, ही कसली अट? फासा टाक, अमुक आकडा पडला तरच थांब? दर फेरीला फासा? बगशी ह्याचा संबंध काय?”

मी हात लांबवून हेडफोन शोधला आणि त्याचा आवाज कानात घेतला.

“आई, जरा पाणी देता का?”

आईंनी पावट्यांचं ताट खाली ठेवलं. त्यांची पावलं स्वयंपाकघराकडे गेली.

“मी लावलेत ते,” मी हळू म्हणाले.

“कशासाठी?”

“आईंसाठी.”

दिवाळी झाल्यावर एका दुपारी माझ्या हेडफोनची पिन निसटली आणि चारू खोलीत मोठ्याने बोलला. आई आतून आल्या. मला वाटलं आता ह्या कोसळणार. त्यांनी फक्त खुर्ची ओढली. म्हणाल्या, “परत बोलेल?” मी त्या संध्याकाळी सगळी वाक्यं त्यांच्या फोनमध्ये घालून दिली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी फोन माझ्या हातात परत ठेवला. “हे काढून टाक. ह्यात मी बटण दाबलं की बोलतो. एक्स्चेंजमध्ये जन्म गेला माझा, भरून ठेवलेला आवाज मला कळतो गं. तुझ्या मशीनमध्येही भरलेलाच आहे. पण तिथे कधी बोलायचं ते त्याचं तो ठरवतो. मी वाट बघते आणि तो बोलतो.”

आणि त्या वाट कशाची बघायच्या तेही मला माहीत होतं. आम्ही जैन, सूर्यास्तानंतर घरात कुणी जेवत नाही. त्या रविवारी चारूचं रेकॉर्डिंग चालू असतानाच आईंनी आतून हाक मारली होती, “चारू, चल रे, दिवस मावळला तर उपाशी राहशील.” आणि हा म्हणाला होता, “आलो आई, दोनच मिनिटं.” गंमत म्हणून त्याने तेही ठेवून दिलं, बाकीच्या वाक्यांत. ते क्वचित यायचं. आलं की आई उठायच्या, ताटं घ्यायच्या आणि पोटभर जेवायच्या. न आलं तर भात चिवडून उठायच्या. एप्रिलपासून त्यांच्या हातातल्या बांगड्या सैल होत चालल्या होत्या. स्वयंपाकघरात त्या खळखळताना मला ऐकू यायचं.

मग मी थांबे लावत गेले. जास्त थांबे म्हणजे जास्त बोलणं, जास्त बोलणं म्हणजे ते एक वाक्य यायची जास्त शक्यता. पण दर वेळी थांबला असता तर आईंना कळलं असतं की हे मीच करतेय. म्हणून फासा. कधी बोलेल ते मलासुद्धा कळू नये असा.

फिरोजने सगळं ऐकून घेतलं.

“अगं, पण प्रोग्रॅम त्या ओळींवरून लाखो वेळा फिरतो,” तो म्हणाला. “दर वेळी डीबगर प्रत्येक थांब्यावर जाणार, फासा टाकणार, आकडा बघणार, मग पुढे सरकणार. मशीन काय करेल?”

“माहीत आहे.”

“पहिल्यापासून माहीत होतं?”

“मी प्रोग्रॅमर आहे, फिरोज.”

“मग दुपारभर मला शेपटं कशाला उपटायला लावलीस?”

“वाटलं, दुसरं काहीतरी निघेल.”

तो म्हणाला, “मॅडमना सांगतो, एडिटरची सेटिंग बिघडली होती. खोटं नाही ते.” आणि मग, “काढू सगळे?”

आतून नळाचा आवाज येत होता. फुलपात्र विसळत होत्या आई.

“काढ.”

सगळे थांबे काढायला एकच आज्ञा लागते. त्याने स्क्रीन रीडर सुरू करून दिला, मी पाऊल टाकलं. टुंग. परत टाकलं. टुंग. बटण दाबायचा अवकाश, की ओळ वाचून हजर.

“पळतंय बघ,” फिरोज म्हणाला. “सापडेल आता तुझा बग. थांब, चारूचं एक्सटेन्शन परत चालू करून देतो. त्याचा काही दोष नव्हता.”

“राहू दे.”

“अगं, त्याने काही फरक पडत नाही. आत्ताच तपासलं ना आपण?”

“तो बोलत राहिला तर मी उद्या परत फासे टाकीन,” मी म्हणाले. “आज नाही तर परवा टाकीन. मला ठाऊक आहे ना मी कशी आहे ते. राहू दे बंद.”

“केतकी,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज मऊ झाला. मी फोन ठेवला.

आईंनी पाणी आणून दिलं. मी घटाघटा प्यायले. त्या परत बसल्या आणि शेंगा फुटायला लागल्या.

गुरुवारी बग सापडला. लॅबमधली दोन यंत्रं एकाच क्षणी रिपोर्ट पाठवायची, आणि एकाचं नाव दुसऱ्याच्या रक्ताला चिकटायचं. दुरुस्त केला, तपासला, पाठवून दिला. मॅडमचा फोन आला. खूप खूश होत्या. मॅन्युअलचा विषय त्यांनी काढला नाही, पुढे कधीच काढला नाही. आज इतक्या वर्षांनी मी नऊ माणसांची टीम चालवते, आणि त्यांच्यात दोघं माझ्यासारखेच न दिसणारे आहेत. हे सगळं त्या बुधवारच्या दुपारी हातून जाता जाता वाचलं. पण त्या गुरुवारी मला त्याचा कणभर आनंद झाला नाही. दिवसभर टुंग वाजलं की शेजारी शेंग सोलणारा हात थांबायचा. मग परत चालू व्हायचा.

शुक्रवारी मी संगणक लवकर बंद केला. खिडकीतून येणारं ऊन गालावरून उतरलं होतं. जेवायची वेळ होत आली होती आणि आई उठत नव्हत्या.

“आज बोलला नाही,” त्या म्हणाल्या.

“नाही.”

“कालही नाही. नुसतं ते टुंग टुंग.”

“हो.”

“बिघडलंय का गं?”

हो म्हणायला काय लागत होतं? मशीन दुरुस्तीला टाकलंय म्हटलं असतं तर त्यांनी लगेच मानलं असतं. आणि मग रोज खुर्ची टाकून बसल्या असत्या, दुरुस्त होईपर्यंत. चारू होता त्या वॉर्डात तेव्हा कुणाच्याच घरच्यांना आत सोडत नव्हते. करोनाचे दिवस होते. पहाटे दवाखान्यातून फोन आला तो आईंनी घेतला होता. ऐकून घेतलं, बरं म्हणाल्या, फोन ठेवला, आणि माझ्या पलंगाशी येऊन मला सांगितलं होतं. आवाज एवढासुद्धा हलला नव्हता. मला कुणालाच काही सांगावं लागलं नव्हतं.

“बिघडलं नाही आई,” मी म्हणाले. “मी बंद केलं.”

“का?”

“माझं काम अडत होतं. कामावरून काढून दुसरीकडे बसवणार होते मला.”

आईंनी हातातली शेंग ताटात टाकली. रस्त्यावरून एक रिक्षा गेली.

“म्हणजे आता बोलणार नाही.”

“नाही.”

“गेला म्हण की मग.”

“हो आई. गेला.”

“कधी?”

“बुधवारी दुपारी. तुम्ही पाणी आणायला आत गेला होतात.”

खुर्ची कुरकुरली. त्यांचा हात माझ्या हातावर आला, पावट्याच्या सालांचा वास असलेला, ओला.

“तू होतीस ना जवळ?”

“होते.”

“बरं झालं,” आई म्हणाल्या. “कुणीतरी होतं.” आणि मग त्या रडायला लागल्या. त्या घरात आल्यापासून मी त्यांना रडताना कधी ऐकलं नव्हतं. दिवस मावळून गेला, तरी आम्ही दोघी तिथेच बसून होतो.